आयजीएमच्या रिपोर्टवरून काहीही ठरवू नकोस

खाली फोड आले, हर्पिसच्या रक्ततपासणीत आयजीएम (लागण झाली की शरीर सुरुवातीला बनवतं ते प्रतिपिंड) आलं, लॅबवाल्याने "आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे ताजी लागण" असं सांगितलं, दिवाळीनंतर साखरपुडा आहे, आता त्याला काय सांगू, असं तू विचारलंयस. नेमकी याच जागी मी होते, म्हणून लिहितेय. वयाने मोठी आहे, एकेरीत लिहिते. मी डॉक्टर नाही, हे धरूनच वाच.

हर्पिस म्हणजे असे फोड आणणाऱ्या विषाणूची लागण, एवढंच धर; गोळ्या कोणत्या, यात जात नाही. मला बोलायचंय त्या रक्ततपासणीबद्दल.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका लॅबने मला हाच कागद दिला. माझ्या हातात नव्हे. बाबांच्या शुगरचा रिपोर्ट न्यायला गेलेल्या चुलतभावाला "तुमच्याच घरचा आहे" म्हणून सोबत दिला, पाकीटसुद्धा न चिकटवता. वर काउंटरवरच्या माणसाने ऐकवलं, "हे महिन्याभरातलंच आहे." ज्याच्याशी माझं ठरलं होतं तो तेव्हा बोटीवर होता. पुढचा हिशेब सगळ्यांनी आपापला करून टाकला, त्यानेही. लग्न मोडलं. माझं म्हणणं कोणी ऐकूनच घेतलं नाही.

पुढे कोल्हापूरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी समजावलं. जुना हर्पिस पुन्हा उठला तरी आयजीएम पॉझिटिव्ह येऊ शकतं, कधी लागण नसतानाही येतं. लागण कधी झाली हे त्यावरून सांगताच येत नाही. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसीही ही तपासणी करू नका म्हणते. विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहून मग पहिल्यांदा फोड येऊ शकतात. म्हणजे कोणाकडून, कधी, हे कागद सांगत नाही. इतकी साधी गोष्ट ठाऊक नसताना लोक ही तपासणी विकतात कशी, याचा राग मला अजून येतो.

खरी तपासणी म्हणजे ओल्या फोडाचा स्वॅब (कापसाच्या काडीवर नमुना) घेऊन पीसीआर, म्हणजे त्यात थेट विषाणूच शोधायचा. हर्पिसच्या विषाणूचे दोन प्रकार आहेत, त्यातला 1 की 2 तेही कळतं. फोड सुकले असतील तर रक्तातलं आयजीजी, म्हणजे नंतर बनून टिकून राहणारं प्रतिपिंड, पण ते रक्तात दिसायला 12 आठवडेही लागू शकतात. त्यात प्रकार 1 निघाला तर तो लहानपणी ओठावर आलेल्या फोडांचाही असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 50 वर्षांखालच्या साधारण 64 टक्के लोकांत तो आहेच. प्रकार 2 सुद्धा 15 ते 49 वयातल्या सुमारे 13 टक्क्यांत आहे. गावात जायला संकोच वाटत असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांसाठीचं सरकारी क्लिनिक) जा. फुकट असतं, समुपदेशकही भेटतात. रिपोर्ट मात्र स्वतः जाऊन घे.

आता त्याला सांगणं. माझं ठाम मत, सांगायचंच, साखरपुड्याआधी, आणि तूच. वहिनी, मामा, मध्यस्थ कोणीही नको. फोड असताना संबंध नाही. फोड नसतानाही विषाणू बाहेर पडू शकतो. कंडोमने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. रोज व्हॅलासायक्लोव्हिर ही हर्पिसवरची गोळी घेतल्याने जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, असं 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तुला ती गोळी लागेल का, हे डॉक्टर ठरवतील. मुलं होतात. दिवस गेले की प्रसूतीच्या डॉक्टरांना मात्र आधीच सांग, कळा सुरू होताना फोड असतील तर सिझेरियन करतात.

माझ्या नवऱ्याला मी मालवणच्या धक्क्यावर बसून हे सगळं सांगितलं. त्याने विचार करायला थोडे दिवस मागितले, मग डॉक्टरांकडे स्वतःच सोबत आला. तुझा असाच वागेल याची खात्री मी देत नाही. वेळ मागितला तर तो नकार समजू नकोस, एवढंच.

आणि एक, आपल्याकडे पावसात जांघेत खाज सुटली की दुकानदार जी मिश्र मलमं हातात देतात त्यांत बहुतेकदा स्टिरॉइड असतं. ती त्या फोडांवर अजिबात लावू नकोस.

फोड अजून ओले असतील तर उद्याच स्वॅबचं बघ. सुकले की मग पुन्हा उठेपर्यंत थांबावं लागतं.