उगम, मूळ आणि वुहान

प्रश्न : 'कोरोना विषाणूचा उगम' म्हणावं की 'उद्गम'? आणि उगम तर नदीचा असतो ना?

दोन्ही चालतात. संस्कृत 'उद्गम', प्राकृतात 'उग्गम', मराठीत 'उगम'. मुद्गाचा मूग झाला तसाच. 'उगम' अशुद्ध म्हणून खोडणारे चुकतात. मूग अशुद्ध नाही, तर उगमही नाही.

रोज कानावर येणारी खरी चूक वेगळी आहे : उगम आणि मूळ एकच समजणं. उद् म्हणजे वर, गम् म्हणजे जाणं. जमिनीखालचं पाणी जिथे वर येऊन डोळ्यांना दिसतं, तो उगम. 'उगवणे' याच घरातलं. सूर्य उगवतो, बी उगवतं, पण दोन्ही त्याआधी असतातच! मूळ मात्र मातीखाली. महाबळेश्वरला कृष्णेच्या उगमाशी आपण हात जोडतो, आणि 'नदीचं मूळ नि ऋषीचं कूळ शोधू नये' असंही म्हणतो. म्हणीत 'उगम' नाही. 'कूळ'शी यमक जुळावं म्हणून 'मूळ' आलं, असं सांगतात. मला ते पटत नाही. उगम दिसतो, तो शोधावा लागत नाही. शोधावं लागतं ते मूळ. हे दोन शब्द समानार्थी म्हणून शेजारी छापणारे कोश इथे कमी पडतात.

आता वुहान. डिसेंबर 2019 मध्ये साथ तिथे उघडी पडली, तो उगम. वाद मुळाचा आहे. चीनच्याच युनान प्रांतातल्या मोजियांगच्या खाणीतल्या वटवाघळांत मिळालेला आरएटीजी13 हा विषाणू साथीच्या कोरोना विषाणूशी सुमारे 96 टक्के जुळतो, पण त्याला मूळ म्हणू नये. विषाणूचा जनुकसंच सुमारे 30 हजार जनुकीय अक्षरांचा. 4 टक्के म्हणजे हजाराहून जास्त अक्षरं वेगळी, आणि एवढा फरक पडायला कित्येक दशकं जातात. तो चुलत भाऊ, बाप नव्हे. (याच खाणीत 2012 मध्ये 6 कामगार आजारी पडले होते, त्यातले 3 दगावले. 2020 मध्ये त्यांच्याकडे लक्ष वेधणारा एक शोधनिबंध पुण्याच्या दोन शास्त्रज्ञांचा आहे.)

विषाणू वुहानच्या हुआनान बाजारातल्या जनावरांतून माणसांत आला की तिथल्या प्रयोगशाळेतून निसटला, हा तर तिसराच प्रश्न, आणि त्याला नेमका शब्द आहे 'शिरकाव'. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने जून 2025 मध्ये हातातला पुरावा प्राण्यांकडे झुकतो असं सांगितलं, पण चीनने मागितलेली माहिती न दिल्यामुळे प्रयोगशाळेची शक्यता निकालात काढली नाही. म्हणून 'उगम वुहानला, म्हणजे प्रयोगशाळाच' हे वाक्य व्याकरणात बसलं तरी अर्थात घसरतं. बातमीत 'माणसांत शिरकाव कुठून' असं लिहावं.