वाचकांचे प्रश्न : वर्गमूळ, यमक आणि छत्तीसचा आकडा

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. एका सहकाऱ्यांनी मला पुढील समीकरण दाखवले : (१२ + १४४ + २० + ३√४) ÷ ७ + ५ × ११ = ९² + ०. हे इंग्रजीत मोठ्याने वाचले की पाच ओळींची विनोदी कविता, म्हणजे लिमरिक, होते असे सांगून त्यांनी ते वाचूनही दाखवले. मी चार-पाच दिवस त्याचे मराठी रूपांतर करण्याचा प्रयत्न केला, पण यमकही जुळेना आणि गंमतही उतरेना. चिन्हांची अशी कविता मराठीत होऊच शकत नाही का?
— एक गणित-शिक्षिका, सातारा

उत्तर : होऊ शकते, परंतु रूपांतराच्या वाटेने ती होणार नाही. आपले चार-पाच दिवस वाया गेले असेही मी म्हणणार नाही, कारण रूपांतर कोठे अडते हे पाहिल्यावरच या कवितेचे मर्म कळते.

हे समीकरण ली मर्सर (१८९३–१९७७) या इंग्रज गृहस्थांच्या नावावर आहे. शब्दांचे आणि अंकांचे खेळ रचण्यात त्यांचा हातखंडा होता. उलटसुलट सारखेच वाचता येणारे पनामा कालव्यावरचे प्रसिद्ध इंग्रजी वाक्यही त्यांचेच. प्रथम समीकरण तपासू. १२, १४४ आणि २० यांची बेरीज १७६. चाराच्या वर्गमुळाची तिप्पट ६ मिळवली की १८२. त्याला सातांनी भागले की २६. त्यात ५५ मिळवले की ८१, आणि नवाचा वर्गही ८१. समीकरण अगदी खरे आहे.

आता उजव्या टोकाच्या शून्याकडे पाहावे. गणिताच्या दृष्टीने त्याला तेथे काहीही काम नाही. कवितेत मात्र त्याच्यावाचून सगळे कोसळते, कारण ‘याहून तसूभरही अधिक नाही’ अशा अर्थाचे ‘नॉट अ बिट मोर’ हे त्याचे इंग्रजी वाचन विसासाठीच्या ‘स्कोअर’ आणि चारासाठीच्या ‘फोर’ या शब्दांशी यमक जुळवते. बारा म्हणजे डझन, एकशेचव्वेचाळीस म्हणजे ग्रोस, वीस म्हणजे स्कोअर : आकड्यांची ही बाजारी नावे वापरल्यामुळेच ओळींना ठेका आला आहे. मराठीत ‘वीस’, ‘चार’ आणि ‘अधिक नाही’ यांचा एकमेकांशी कसलाच ध्वनिसंबंध नाही. समीकरण तेच राहिले, पण ते ज्या भाषेत उच्चारले जायचे ती भाषा बदलली, आणि कविता तर त्या उच्चारातच होती.

असेच आणखी एक लिमरिक कॅल्क्युलसवर आहे. त्यात ‘झेड’च्या वर्गाचे १ पासून ३ च्या घनमुळापर्यंत इंटिग्रेशन करायचे, त्याला साठ अंशांच्या कोसाइनने गुणायचे, आणि उत्तर ‘ई’च्या घनमुळाच्या नैसर्गिक लॉगॅरिदमइतके येते. दोन्ही बाजू एकतृतीयांश भरतात. मात्र ते अमेरिकेतच नीट वाचता येते, कारण तेथे त्या अक्षराला ‘झी’ म्हणतात. आपल्याप्रमाणे ‘झेड’ म्हटले की यमक तुटते. एकाच भाषेत, एका अक्षराच्या उच्चारावरून हे घडते; मग मराठी रूपांतराकडून आपण किती अपेक्षा ठेवावी?

म्हणून मराठी समीकरण-कविता मराठी वाचनातून सुरू व्हायला हवी, आणि येथे आपली भाषा मुळीच गरीब नाही. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच या अपूर्णांकांना आपल्याकडे एकेका शब्दाची सुटसुटीत नावे आहेत. साडेतीनासाठी तर ‘औट’ हा स्वतंत्र शब्द आहे, आणि जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे तालावर म्हणून घेतले जात. सव्वाशे हा पाचाचा घन आहे हे लक्षात घेऊन मी मोठ्या अभंगाच्या मापात एक चरणबंध करून पाहिला. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत :

पाऊणशे घे तू । दोन कोड्या धर ।
दहा त्याच्या वर । पाचघन ॥

म्हणजे ७५ + २ × २० + १० = ५³. हिशेब बरोबर आहे आणि मापही बरोबर आहे, पण प्रामाणिकपणे सांगायचे तर हसू येत नाही. ठेका आहे, विनोद नाही. तो कोठून आणायचा? माझ्या मते तो अशा शब्दांतून येतो, ज्यांना गणितात एक अर्थ आहे आणि घरात दुसरा. ‘मूळ’, ‘बाकी’, ‘हातचा’, ‘वर्ग’, ‘छेद’, ‘घन’ : शालेय गणिताची मराठी परिभाषा अशा दुहेरी शब्दांनी भरलेली आहे. तीन आणि सहा हे देवनागरी अंक एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात, म्हणून भांडणाऱ्या दोघांत आपण ‘छत्तीसचा आकडा’ आहे असे म्हणतो. या आकड्याचे वर्गमूळ काढून पाहा :

छत्तीसाचे मूळ । शोधुनी पाहता ।
सहा येती हाता । षड्रिपूच ॥

√३६ = ६ हे समीकरण कोणताही परीक्षक मान्य करील, आणि वैराच्या मुळाशी काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे सहा शत्रू असतात हे कोणताही कीर्तनकार मान्य करील. एकाच चिन्हाने दोघांचे म्हणणे सिद्ध होते, या योगायोगाचे हसू येते. हे कडवे इंग्रजीत नेता येणार नाही, जसे मर्सर यांचे लिमरिक मराठीत आणता येत नाही. आपण आपल्या विद्यार्थ्यांना ‘मूळ’ हा शब्द द्यावा आणि समीकरण त्यांनाच शोधू द्यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

प्रश्न : गणित आणि काव्य यांचा मेळ भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त कधीच घातला होता. मग या पाश्चात्त्य खेळाचे एवढे कौतुक कशासाठी?
— एक निवृत्त लिपिक, जळगाव

उत्तर : आपला अभिमान रास्त आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती मिळते, त्यामुळे खानदेशातील वाचकाला हा विषय घरचाच वाटणार. तरीही या दोन गोष्टी एक नव्हेत. सुमारे ११५० मधील ‘लीलावती’त मालिनी वृत्तातला एक श्लोक आहे. भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीवर गेले, सगळ्या थव्याचे आठ-नवमांशही तिकडेच गेले. सुगंधाच्या लोभाने एक भुंगा रात्री कमळात अडकून गुणगुणत आहे आणि बाहेर त्याची भुंगी त्याला उत्तर देत आहे. तर एकूण भुंगे किती? उत्तर ७२ : छत्तीसाचे मूळ ६, आठ-नवमांश ६४ आणि उरलेले दोन. हे अतिशय सुंदर काव्य आहे, पण त्यात समीकरण गोष्टीच्या पोटात दडलेले आहे आणि वाचकाने ते बाहेर काढायचे आहे. लिमरिकमध्ये गोष्टच नाही. उघडे समीकरण हीच कविता आहे.

या खेळाच्या जवळचे उदाहरण हवे असेल, तर ते भास्कराचार्यांच्याच ‘बीजगणित’ या ग्रंथात आहे. त्यांच्या पद्धतीत अव्यक्त राशीला, म्हणजे अज्ञात संख्येला, ‘यावत्तावत्’ म्हणत आणि ‘या’ असे लिहीत. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या अव्यक्तांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे असून त्यांची लेखनातील रूपे का, नी, पी अशी होती. वर्गासाठी ‘व’, म्हणून अव्यक्ताचा वर्ग ‘याव’. ज्ञात संख्येसाठी ‘रू’. म्हणजे या परंपरेत चिन्ह हेच अक्षर होते, आणि समीकरण वाचायला घेतले की तोंडून अक्षरेच येत. आजच्या चिन्हांना उच्चार बाहेरून जोडावा लागतो, तेथे तो आतच होता. या सामग्रीचा उपयोग करून आज कोणी चरण रचले, तर ते वाचायला मला मनापासून आवडेल.

प्रश्न : मी अकरावीत शिकतो. अभंगाच्या मापात समीकरण बसवताना √ हे चिन्ह किती अक्षरांचे धरावे? आणि माझ्या कवितेत यमकासाठी ‘सातांचा वर्ग । झाला की पन्नास’ असे लिहिले आहे. एकाची सूट चालेल का?
— एक विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर : चिन्ह जसे वाचले जाते तितक्या अक्षरांचे धरावे. जोडाक्षर एकच मोजतात, म्हणून ‘वर्गमूळ’ चार अक्षरांचे. ‘अधिक’, ‘गुणिले’, ‘भागिले’ तीन-तीन अक्षरांचे. ‘उणे’ आणि ‘वजा’ दोन-दोन. बरोबरीचे चिन्ह ‘बरोबर’ असे वाचतात, ती चार अक्षरे होतात. नेमका अभंगाचा शेवटचा चरणही चार अक्षरांचा असतो, आणि या शब्दाचा दुसरा अर्थ ‘अचूक’ असाही आहे. त्याचा उपयोग कसा करायचा, ते तुझ्यावर सोपवतो. ‘बरोबर’ लिहायला जागा नसेल, तर तिसऱ्या आणि चौथ्या चरणांमधला विराम ते काम करतो. वर्तुळाचा परिघ आणि व्यास यांचे गुणोत्तर दाखवणारे π हे चिन्ह तर मराठीत ‘पाय’ असेच वाचतात, आणि कोन रेडियन या एककात मोजला तर दोन पाय रेडियन म्हणजे एक पूर्ण फेरी :

दोन पाय होता । पूर्ण होई फेरी ।
एक पाय करी । अर्धी मात्र ॥

सूट मात्र अजिबात चालणार नाही. या काव्यप्रकारात विनोद टिकतो तो समीकरण खरे असल्यामुळे. ते खोटे निघाले की राहतात फक्त जुळवलेले शब्द. शिवाय तुझ्या पहिल्या चरणात पाचच अक्षरे आहेत, ती पुन्हा मोजून पाहा. सवलत घेण्याची गरजही नव्हती, कारण ‘एकोणपन्नास’ हा शब्द नेमका सहा अक्षरांचा, म्हणजे एक पूर्ण चरण आहे, आणि तुला हवे असलेले ‘पन्नास’चे यमक त्याच्या शेवटी आहेच. तू जो एक लपवला होतास, तोच उघडपणे मिळवला की समीकरणही पुरे होते :

सात सत्ते होती । एकोणपन्नास ।
एक घाल त्यास । अर्धशत ॥