काबेसा दे वाकाचा वृत्तांत कितपत विश्वासार्ह मानावा?

आल्व्हार नुन्येस काबेसा दे वाका या स्पॅनिश प्रवाशाने उत्तर अमेरिकेतील आपल्या आठ वर्षांच्या भटकंतीचा जो वृत्तांत १५४२ मध्ये प्रसिद्ध केला, तो इतिहास समजावा की रचलेली कहाणी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, भूक आणि हाताने केलेली कामे यांविषयी तो जे सांगतो त्यावर विश्वास ठेवावा. स्वतःविषयी सांगतो ते मात्र पारखून घ्यावे.

१५२८ मध्ये स्पॅनिश सेनानी नार्वाएसच्या मोहिमेतील सुमारे ३०० माणसे, त्यांत काबेसा दे वाकाही, फ्लोरिडात आत शिरली आणि उपासमारीने पुन्हा समुद्राकडे वळली. तेथे त्यांनी रिकिबी आणि स्वारांच्या टाचांचे लोखंडी काटे वितळवून खिळे व करवती केल्या, घोड्यांच्या शेपटीच्या केसांचे दोर वळले, अंगातल्या सदऱ्यांची शिडे शिवली आणि पाच नावा बांधल्या. असे तपशील घरी बसून सुचत नाहीत. पुढे टेक्सासच्या किनाऱ्यावर नाव फुटून ते नागडे, अर्धमेले पडले असता तेथील लोक त्यांच्याजवळ बसून अर्धा तासाहून अधिक वेळ मोठ्याने रडले, असे तो लिहितो. त्या काळच्या विजेत्यांच्या लेखनात स्थानिकांची करुणा इतक्या सरळपणे नोंदलेली मला क्वचितच आढळली आहे.

तरीही हा वृत्तांत स्पेनचा राजा असलेल्या सम्राट पाचव्या चार्ल्सला उद्देशून लिहिला आहे, हे विसरू नये. उघड्या अंगाने परतलेल्या माणसाला सोबत आणता आले ते एवढेच, असे सांगून तो आपली सेवा राजापुढे मांडतो. आणि वृत्तांत प्रसिद्ध होण्याआधीच, १५४० मध्ये, त्याला दक्षिण अमेरिकेतील रिओ दे ला प्लाताचे राज्यपालपद मिळाले. म्हणूनच त्याने रोग्यांना बरे केल्याच्या कथांत तो स्वतः अधिकाधिक पुढे येतो. मोहिमेतून जिवंत परतलेल्यांनी मिळून दिलेल्या निवेदनाचा गोषवारा ओव्हिएदो या इतिहासकाराने जपून ठेवला आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत, ही माझी आग्रहाची विनंती.

१५३६ मध्ये मेक्सिको शहरात पोहोचलेल्या चौघांत एक गुलाम होता, एस्तेबानिको. वाटेत लोकांशी बोलणे, रस्त्यांची चौकशी करणे हे काम तोच करी, हे काबेसा दे वाका स्वतः मान्य करतो. मात्र कोण कोण वाचले हे सांगताना त्याचे नाव सर्वांत शेवटी येते : चौथ्याचे नाव एस्तेबानिको, तो अरबी काळा, मूळचा आझेमूरचा (हे मोरोक्कोतील शहर). वृत्तांत तेथेच संपतो.