रोमानियाहून येणारी ओपेअर: यजमान कुटुंबांच्या शंका

जर्मनीतील मराठी कुटुंबांना ओपेअर, म्हणजे घरी राहून मुले सांभाळणारी परदेशी तरुणी, निवडण्याविषयी मी सल्ला देते. रोमानियाच्या मुलींविषयी त्याच त्या शंका फिरून फिरून येत असल्यामुळे त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

आमच्याकडे येणारी मुलगी बुखारेस्टची आहे. तिचा व्हिसा कधी काढावा? (म्युनिक)

काढावा लागत नाही. रोमानिया २००७ पासून युरोपीय संघात आहे आणि जर्मनीत काम करण्यावरची तेथील नागरिकांची बंधने १ जानेवारी २०१४ रोजी संपली. पत्त्याची नोंदणी आणि विमा मात्र हवाच. विम्याची चौकशी मुलगी दारात उभी राहिल्यावर करू नये.

रोमानियन लोक मूळचे भारतातले, असे ऐकले. मग संस्कृती जुळेल ना? (श्टुटगार्ट)

ऐकलेत ते चुकीचे आहे. भारतातून गेलेले ते रोमा, तो वेगळा समाज आहे. त्यांच्या भाषेत एक, दोन, तीन हे 'येख, दुय, त्रिन' असे मोजतात, त्यामुळे आपल्याला जवळीक वाटली तर नवल नाही. परंतु रोमानियन ही लॅटिनपासून निघालेली, इटालियनच्या गोत्रातली भाषा आहे. वालाकिया आणि मोल्दाविया या, पुढे रोमानिया झालेल्या, संस्थानांत रोमा लोक शतकानुशतके गुलाम होते. १८५० च्या दशकात ती गुलामगिरी संपली, तुच्छता पुरती संपलेली नाही. म्हणून हा प्रश्न कौतुकाने विचारला, तरी मुलगी रोमा असो वा नसो, तिला तो बोचू शकतो. ती हार्गिता किंवा कोवास्ना जिल्ह्यातली असेल, तर तिची मातृभाषा हंगेरियन असण्याचीही बरीच शक्यता आहे. तर्क लढवण्यापेक्षा पहिल्या व्हिडिओ कॉलवर घरी कोणती भाषा बोलतात एवढे तिलाच विचारावे.

आम्ही शाकाहारी आहोत. तिचे जमेल का? (बर्लिन)

जमू शकेल. बहुसंख्य रोमानियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत आणि त्यांच्या 'पोस्त'मध्ये, म्हणजे उपवासात, मांस, अंडी, दूध सगळेच वर्ज्य असते. घोटलेला पांढरा घेवडा, वांगी आणि भाजलेल्या ढोबळ्या मिरच्यांची झाकुस्का, मक्याच्या पिठाची ममलिगा हे तिला परके नसेल. मात्र सगळ्याच तरुण मुली उपवास पाळत नाहीत, आणि डुकराच्या मांसावाचून तेथील नाताळ होत नाही. स्वयंपाकघरात मांस चालणार नसेल तर करारापूर्वी लेखी कळवावे. नंतर नाक मुरडू नये.

एजन्सी म्हणते, रोमानियन मुली कष्टाळू, कोणत्याच कामाला नाही म्हणत नाहीत. मुलांबरोबर सासूबाईंचेही करील ना? (फ्रँकफर्ट)

नाही. असे वाक्य ऐकवणाऱ्या एजन्सीपासून आधी दूर व्हावे, कारण ती माणसाची ओळख करून देत नसून मालाची तारीफ करीत आहे. 'ओ पेअर' या फ्रेंच शब्दांचा अर्थच 'बरोबरीने' असा आहे. जर्मनीत तिचे काम दिवसाला फार तर सहा आणि आठवड्याला ३० तास. त्यात मुलांना सांभाळणे आणि घरातील हलकी कामे येतात, वृद्धांची शुश्रूषा येत नाही. दरमहाचे २८० युरो हा पगार नव्हे, हातखर्च आहे. पुण्यातल्या धुण्याभांड्याच्या बाईंच्या पगाराशी त्याचा हिशेब मांडणारी पत्रे मी उत्तर न देता बाजूला ठेवते.

या अपेक्षेमागे आणखी एक गोष्ट आहे, जी जाहिरातीत कधी येत नाही. इटलीत असंख्य घरांतील म्हाताऱ्या माणसांचे रोमानियन बायका करतात. तिकडे त्यांना 'बादान्ते' म्हणतात. त्यांच्यापैकी अनेकींची मुले गावाकडे आजी-आजोबांपाशी वाढली आणि आई त्यांना फोनवर आणि उन्हाळ्याच्या सुटीत भेटत राहिली. तुमच्याकडे येणारी वीस वर्षांची मुलगी त्यांतलीच एक असेल असे मी म्हणत नाही. पण असेल, तर मुलांसाठी म्हणून बोलावून तिला परक्या आजीच्या खाटेपाशी उभे करणे म्हणजे काय, याचा विचार करावा. सासूबाईंसाठी आरोग्य विमा कंपनीच्या शुश्रूषा विभागाकडे आजच चौकशी करावी, आणि ओपेअरचा करार सहीपूर्वी जाणकाराला दाखवावा.

ईस्टरच्या सुटीत ती आमच्याबरोबर येईल का? (हॅम्बुर्ग)

तिलाच विचारा. तिचा ईस्टर बहुतेक वर्षी वेगळ्या रविवारी येतो: २०२४ मध्ये जर्मनीचा ३१ मार्चला होता, तिचा ५ मेला. नाताळ मात्र २५ डिसेंबरलाच. घरी जाण्याच्या तारखा करारातच लिहाव्यात.

आम्ही खिडक्या उघडतो, ती लगेच लावते आणि मुलाला घरातही टोपी घालते. तिला काही आजार आहे का? (कोलोन)

नाही. समोरासमोरच्या दारा-खिडक्यांतून येणाऱ्या झोताला रोमानियात 'कुरेंत' म्हणतात, आणि त्याने कान दुखतो, मान धरते असे तेथे घरोघरी मानले जाते. कानटोपीबाबत तिचे आणि मुलाच्या आजीचे एकमत होईल. भिंतींना बुरशी धरू नये म्हणून जर्मनीत खिडक्या उघडतात, हे तिला समजावून सांगावे आणि मूल दुसऱ्या खोलीत असताना त्या उघडाव्यात. मुलाचा कान खरोखरच दुखत असेल, तर दोघींचेही मत बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.