पासवर्ड बरोबर, तरी थंडरबर्ड घेईना!

प्रश्न : ताई, मी मानवतला एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. गाठींची बिलं, वजनपावत्या, ट्रकचे कागद सगळं जीमेलवर येतं. सीझनमध्ये नेट सारखं जातं आणि पाहिजे तेच बिल उघडत नाही. भाच्यानं कॉम्प्युटरवर थंडरबर्ड, म्हणजे मेल उतरवून वाचायचा प्रोग्रॅम, टाकून दिलं, सेटिंगचा कागदही लिहून दिला. कागदाबरहुकूम सगळं भरलं, पण पासवर्ड घ्यायलाच नाही. तोच पासवर्ड मोबाइलवर चालतो! दुसरं असं, की इथून मेल डिलीट केला तर मोबाइलवरचाही जाईल का? मालकांना त्याचंच भेव वाटायलंय.
— एक हिशेबनीस, मानवत (जि. परभणी)

उत्तर : दादा, तुमचा पासवर्ड बरोबर आहे, भाच्याचा कागद जुना आहे. पूर्वी जीमेलचा साधा पासवर्ड अशा प्रोग्रॅममध्ये टाकला की काम व्हायचं. 30 मे 2022 पासून गूगलनं ते बंद करायला घेतलं. आता पासवर्ड थंडरबर्डला सांगायचाच नाही. तो गूगलच्याच खिडकीत टाकायचा आणि गूगलनं थंडरबर्डला परवानगी द्यायची. या पद्धतीचं नाव ओऑथ-2. नाव अवघड, काम सोपं.

थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये जा, डावीकडं तुमच्या पत्त्याखाली सर्व्हर सेटिंग्ज दिसेल. तिथं सर्व्हरचं (मेल साठवणाऱ्या गूगलच्या कॉम्प्युटरचं) नाव आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट 993 आणि सुरक्षा एसएसएल/टीएलएस आहे ना, बघा. आता खाली ऑथेंटिकेशन मेथड. तिथं 'नॉर्मल पासवर्ड' असणार, मी पैजेवर सांगते. ते बदलून ओऑथ-2 करा. थंडरबर्ड बंद करून उघडलं की गूगलची खिडकी येईल. तिच्यात पासवर्ड टाका, परवानगी द्या. ही खिडकी कोरीच राहिली किंवा पुढं सरकेना, तर थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये कुकीज बंद केलेल्या आहेत का, ते बघा. चालू केल्याशिवाय ही वाट उघडत नाही.

एवढं करून बहुतेक जण उठतात आणि दुसऱ्या दिवशी फोन करतात, 'ताई, मेल येतात पण जात नाहीत.' कारण जाणाऱ्या मेलचा सर्व्हर वेगळा असतो. अकाउंट सेटिंग्जच्या यादीत अगदी तळाला आउटगोइंग सर्व्हर आहे. तिथं एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट 465 आणि एसएसएल/टीएलएस ठेवा (587 असेल तर स्टार्ट-टीएलएस), आणि इथंही ओऑथ-2 निवडा.

कुणी 'अॅप पासवर्ड' काढा म्हणालं तर तीही वाट आहे. दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली की गूगल सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड देतं. पण गूगलचा मूळ पासवर्ड बदलला की तो रद्द होतो, आणि मग तुम्ही परत मला पत्र लिहिणार! ओऑथ-2 जमतंय तोवर त्या फंदात पडू नका.

आता मालकांचं भेव. ते खरं आहे. तुम्ही जोडलेली पद्धत आयमॅप. आयमॅप म्हणजे पेटी एकच, तिला दारं दोन. कॉम्प्युटरवर वाचलं तर मोबाइलवरही वाचलेलं दिसतं, इथं डिलीट केलं तर तिथलंही जातं. मात्र ते आधी कचऱ्याच्या फोल्डरात जातं आणि तिथून 30 दिवसांनी कायमचं पुसलं जातं. म्हणजे चूक महिन्याच्या आत ध्यानात आली तर बिल परत मिळतं. जिनिंगमध्ये चूक त्याआधीच कळते, मारवाडी व्यापारी फोन करतोच.

'मग पॉप घेऊ का?' असं विचाराल, तर नको. पॉप म्हणजे मेल सर्व्हरवरून एकाच कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची दुसरी पद्धत. परभणीत माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. 2008 साली मी तिथं पॉपवर खातं जोडलं आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' या चौकटीत टिक करायची राहिली. सगळे मेल माझ्या एका डब्यात उतरले, सर्व्हर रिकामा. पुढं लाइट आली-गेली, हार्ड डिस्क गेली आणि तीन वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या याद्या तिच्यासोबत. दुरुस्तीवाल्यानं डिस्क कानाशी धरून मला टकटक ऐकवली, तो आवाज अजून आठवतो. चूक माझीच.

नेट नसताना बिल वाचायचं असेल तर अकाउंट सेटिंग्जमध्ये सिंक्रोनायझेशनखाली 'मेसेज या कॉम्प्युटरवर ठेवा' ही टिक बघा, सहसा ती आधीच असते. पहिल्या दिवशी जुने सगळे मेल उतरायला वेळ लागतो, तेव्हा रात्री लावून द्या. बिनानेटचा मेल लिहिला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकदम दाबा. तो आउटबॉक्समध्ये थांबतो. नेट आल्यावर फाइल मेनूतून न पाठवलेले मेल पाठवा.

आणखी एक. जीमेलच्या 'ऑल मेल' फोल्डरात प्रत्येक मेलची नोंद असते, त्यामुळं डिस्क लवकर भरते. जुना कॉम्प्युटर असेल तर त्या फोल्डराचं उतरणं बंद करा.

प्रश्न : माझ्याकडं विंडोज 7 आहे. थंडरबर्ड चालेल का? — एक शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : आवृत्ती 115 हे विंडोज 7 वर चालणारं शेवटचं थंडरबर्ड, सर. पण त्या विंडोजचा आधार मायक्रोसॉफ्टनं जानेवारी 2020 मध्येच काढला. निकालपत्रं आणि लग्नपत्रिका त्यात येऊ द्या, बँकेचे मेल येणारं खातं मात्र जोडू नका.