सूत्रं पाठ, तरी फिजिक्सची गणितं का चुकतात?

ताई, नमस्कार.

मुलगा बारावी सायन्सला आहे, फिजिक्सची सूत्रं तोंडपाठ आहेत, क्लासमध्ये सर फळ्यावर गणित सोडवतात तेव्हा सगळं कळतं, पण सीईटीच्या सराव परीक्षेत पन्नासपैकी पंधरा-सोळाच्या वर गाडी जात नाही. ‘याला फिजिक्स झेपत नाही, तर इंजिनिअरिंगचा नाद सोडून बी.कॉम.ला घालू का?’ असं तुम्ही विचारलंय. सोबत त्याच्या कच्च्या कामाच्या पानांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. नुसत्या मार्कांवरून मला काहीच सांगता आलं नसतं.

ती पानं बघून माझं मत असं झालं, की त्याला विषय कळतो. प्रश्न पुरता वाचून होण्याआधीच तो सूत्राला हात घालतो, तिथे घात होतो.

त्याचंच एक गणित घ्या. खडबडीत जमिनीवर ५ किलोचा ठोकळा आहे, स्थितिक घर्षणांक ०.४, आडवं बल १० न्यूटन. घर्षणबल किती? त्यानं घर्षणांकाला लंब प्रतिक्रियेनं (जमीन ठोकळ्याला वर रेटते ते बल, इथे वजनाइतकं म्हणजे सुमारे ५० न्यूटन) गुणलं आणि २० न्यूटन लिहून मोकळा झाला. मग त्वरण काढताना १० वजा २०, भागिले ५, उत्तर उणे २. याचा अर्थ ठोकळा ढकलणाऱ्याच्याच अंगावर चालून येणार! खरं तर २० ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे. आपण १० न्यूटननं ढकलतोय, म्हणून घर्षणही १०च, आणि ठोकळा जागचा हलत नाही. सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर, उत्तर मात्र चूक. अशा प्रश्नांच्या पर्यायांत २० न्यूटन हमखास दिलेलं असतं, कारण मुलं कुठे घसरतात हे पेपर काढणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

त्याच्या पानांवर आकृत्या जवळजवळ नाहीतच, मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. आधी ठोकळा काढायचा, त्यावरचं एकेक बल बाणानं दाखवायचं आणि मगच सूत्र लिहायचं. उतारावरच्या गणितात त्यानं लंब प्रतिक्रिया सरळ वजनाइतकी धरली आहे. अशी बाणांची आकृती, म्हणजे फ्री बॉडी डायग्राम, काढली असती तर वजनाला उताराच्या कोनाच्या कोसाइननं गुणायचं राहून गेलं नसतं. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीच्या १०० प्रश्नांना ९० मिनिटं असतात, त्यामुळे आकृतीत वेळ जाईल अशी भीती मुलांना वाटते. पण चुकलेलं गणित खोडून पुन्हा करण्यात त्याहून जास्त वेळ जातो, हे त्याच्याच पानांवर दिसतंय.

एककांचंही तसंच. ताशी ७२ किलोमीटरनं जाणारी गाडी, मंदन ५ मीटर प्रति सेकंद वर्ग, किती अंतरात थांबेल? त्यानं ७२ तसेच घातले आणि उत्तर आलं ५१८ मीटर. ब्रेक लावल्यावर गाडी अर्धा किलोमीटर जाईल का, एवढं जरी मनाशी विचारलं असतं तरी चूक सापडली असती. ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर, आणि उत्तर ४० मीटर. चौरस सेंटीमीटरचे चौरस मीटर करताना दहाचा उणे चौथा घात येतो, तिथे तो उणे दुसरा लिहितो. चिन्हांसाठी वरची दिशा धन की खालची, हे पहिल्या ओळीतच लिहून टाकायला सांगा.

आता त्याला एक काम द्या. क्लासमध्ये सोडवलेलं गणित दुसऱ्या दिवशी उत्तर झाकून कोऱ्या पानावर करायचं. अडलं तर ज्या ओळीला अडलं तेवढीच ओळ बघायची. चुकलेली गणितं एका वेगळ्या वहीत लिहायची आणि प्रत्येकाखाली चूक कसली ते नोंदवायचं: आकृती, एकक, चिन्ह की खरंच संकल्पना. महिन्याभरानं ती वही घेऊन या. बहुतेक चुका पहिल्या तीन प्रकारच्या निघाल्या, तर इंजिनिअरिंग सोडायचं काही कारण नाही. संकल्पनेच्याच निघाल्या, तर कोणते धडे पुन्हा करायचे ते ठरवू. कॉमर्सला जायचं तर त्याला त्याची ओढ असली पाहिजे, फिजिक्सच्या धास्तीनं नको. म्हणून त्याला काय हवंय, हेही एकदा निवांत विचारा.

आणखी एक टेस्ट सिरीज लावू का, असंही तुम्ही विचारलंय. इतक्यात नको. आधीच्या सराव परीक्षांचे पेपर घरात पडलेत, ते या पद्धतीनं पुन्हा सोडवून होऊ देत.