नागपुरात घरून नाताळचे केक विकायला सुरुवात करतोय. पहिलं सेल्स फनेल, म्हणजे ओळखीपासून ऑर्डरीपर्यंत नेणाऱ्या पायऱ्या, सोपं कसं बांधू? ख्रिस्ती म्हणून काय जपू?

व्हॉट्सॲप बिझनेसवर तीन पायऱ्या पुरेशा आहेत: चव, नंबर, ऑर्डर. वेबसाइट आत्ता नको. नोव्हेंबरातच प्लम केकचे छोटे तुकडे चाखायला द्या आणि पाकिटावर तुमचा क्यूआर कोड चिकटवा. स्कॅन केला की थेट चॅट उघडतं. कॅटलॉगमध्ये दोनच वजनं ठेवा, अर्धा किलो आणि एक किलो, किंमत स्पष्ट लिहून. मग प्रत्येकाला ‘माझा नंबर सेव्ह करा’ असं आवर्जून सांगा. खरी गोम इथेच आहे: ब्रॉडकास्ट लिस्टचा (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, आणि एका लिस्टमध्ये २५६ जणच मावतात. नागपूरच्या सदर भागात मी तीन नाताळ असेच केक विकलेत. बहुतेक ऑर्डरी आधी चाखलेल्यांच्याच होत्या.

मात्र चर्चच्या ग्रुपमधले नंबर उचलून यादी बनवू नका. लोक तिथे प्रार्थनेसाठी जोडलेले असतात, गिऱ्हाईक म्हणून नाही. पाळकांना विचारून सूचना फलकावर चिठ्ठी लावा, हवं तो स्वतः येईल. ‘शेवटचे ५ केक’ हे खरोखर पाचच उरले असतील तेव्हाच लिहा. आणि एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी पहिल्या ऑर्डरीआधी करून घ्या.